कुठवर आलो होतो?

रेफिकला त्या रात्री काळ्या समुद्राकाठच्या आमच्या अयांजिकात मुक्काम करायचा नव्हताच. समसूनला तंबाखूच्या वखारीत तो मुकादम. इनेबोलूला पुतणीच्या लग्नाला निघाला होता. पण वायव्येचा वारा असा काही खवळला, की कप्तानाने बोट आमच्या बंदरात नांगरली आणि उतारूंना कसंबसं किनाऱ्यावर सोडलं. "पहाटे वारा पडला तर निघू," म्हणाला. समुद्रापुढे कुणाचं काय चालतंय!

लग्न परवावर आलं होतं. बाप नसलेल्या पोरीच्या बापाच्या जागी रेफिक उभा राहणार होता. तिचा बाप इल्यास म्हणजे रेफिकचा थोरला भाऊ. अकरा वर्षांपूर्वी दोघं मासे धरायला गेले आणि वादळात इल्यास होडीतून पाण्यात पडला. त्याच्या कमरेला होडीशी बांधलेली दोरी होती, पण ती तुटली, असं रेफिकने वहिनीला सांगितलं, गावाला सांगितलं. खोटं. होडी कलंडायला लागली तेव्हा रेफिकनेच ती दोरी सुरीने कापली होती. हे फक्त त्याला ठाऊक. पण एक गोष्ट त्यालाही ठाऊक नव्हती. खाली पाण्यात इल्यासने ते पाहिलं होतं का? अकरा वर्षं हाच किडा त्याचं डोकं पोखरत होता. त्या पोरीपुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

"पाहुणे, खोलीत बसून भिंती मोजणार का?" सराईवाल्या शाकिर आगाने त्याला दंडाला धरून उठवलं. "कॉफीखान्यात नेशेत उस्ताद गोष्ट सांगायला बसलाय आज. पस्तावाल हं, नाही आलात तर!"

खरंच पस्तावला असता. नेशेत उस्ताद म्हणजे फुंकर मारली तर उडेल एवढा म्हातारा. उंच खुर्ची, हातात काठी, खांद्यावर रुमाल, बस, एवढाच संसार. कॉफीखान्यात ओल्या लोकरीचा, कोळशाचा आणि जळक्या कॉफीचा वास कोंदला होता. बाहेर लाटा धक्क्यावर धडका देत होत्या. उस्तादाने तीनदा काठी आपटली आणि आमचे दंगेखोर खलाशीसुद्धा गप्प झाले.

"नावासारखी नावं असतात, गावासारखी गावं," तो म्हणाला. "कुणाची गोष्ट कुणाशी जुळली, तर मनाला लावून घेऊ नका. गरिबाला माफ करा."

ही माफी प्रत्येक कथेकरी आधीच मागून ठेवतो. मग गोष्ट सुरू झाली. सासूला घाबरून तुतीच्या झाडावर चढलेल्या नवरदेवाची. आणि काय सांगू तुम्हाला त्या माणसाची कला! रुमाल डोक्यावर घेतला की बोळक्या तोंडाची सासू. तोच कानावर बांधला की दात ठणकणारा हजाम. चढावर दमलेलं गाढव त्याने नुसत्या नाकाने उभं केलं, आणि गंजलेलं फाटक असं करकरलं की दोघांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. शाकिर आगा हसून हसून खोकायला लागला. रेफिकही हसला, अगदी पोट धरून. कितीतरी वर्षांनी त्याला सगळ्याचा विसर पडला होता. हा माणूस नव्हे, आख्खं गावच खुर्चीवर बसलंय, असं त्याला वाटलं.

मग नवरदेवाची पाळी आली. उस्तादाने रुमाल सोडून तोंडावर घेतला.

"ओढ, रेफिक..." रुमालामागून आवाज आला. "ओढ ना रे..."

इल्यासचा आवाज. सर्दी झाल्यासारखा, शेवटचा शब्द लांबवणारा. लोक खदाखदा हसत होते. रेफिकच्या हातातला पेला कलंडला आणि मांडीवर कॉफी सांडली, तरी त्याला चटका कळला नाही. खारट, कुजकट शेवाळ्याचा वास अगदी जवळून आला.

"हात बधिर झालेत माझे... तुझ्या हातात ते काय आहे, रेफिक?"

ठक्. काठी आपटली. उस्तादाने रुमाल काढला, घाम पुसला आणि कॉफी मागवली. असा ऐन रंगात थांबायचा कथेकऱ्यांचा रिवाजच आहे.

रेफिक माणसांतून वाट काढत खुर्चीपाशी गेला. "उस्ताद... आत्ता काय म्हणालात?"

"नवरदेव म्हणाला, 'सासूबाई, शिडी धरा.' का हो?"

"त्याच्या आधी... नाव घेतलंत कुणाचं तरी?"

"नवरदेवाला मी नावच दिलेलं नाही, बाबा." म्हातारा त्याच्याकडे निरखून पाहत राहिला. "तब्येत बरी आहे ना? थोडं पाणी प्या."

रेफिकला पळून जाता आलं असतं. दार चार पावलांवर होतं. पण इल्यासने पाहिलं की नाही, हे आज कळणार होतं. तो जागेवर येऊन बसला.

उस्ताद पुन्हा खुर्चीत सावरला. मध्यंतरानंतर तो नेहमी विचारतो तसं त्याने विचारलं, "तर मंडळी, कुठवर आलो होतो?"

"तुतीच्या झाडावर!" सगळे ओरडले.

उस्तादाने रुमाल तोंडावर ओढला. दिव्याची ज्योत वाऱ्याशिवाय आडवी झाली.

"त्यांना नाही..." इल्यास हळूच म्हणाला. "तू सांग. कुठवर आलो होतो?"

रेफिक उभा राहिला. "दोरीपर्यंत," तो म्हणाला. "दादा... दोरी तुटली नव्हती रे. मी कापली. मी भ्यालो होतो... मीच कापली!"

आणि कॉफीखाना हशाने दणाणला! कुणी मांड्या थोपटल्या, कुणी डोळे पुसले. "वा, पाहुणे, काय टोला हाणलात!" म्हणत शाकिर आगाने त्याच्या पाठीत धपका घातला. त्यांना काय ऐकू आलं, देव जाणे. त्या गदारोळात रुमालामागचा आवाज फक्त रेफिकने ऐकला.

"पाहिलं होतं मी... बस खाली. आता पुढचं मी सांगतो."

रुमाल निघाला. म्हाताऱ्याने सासूला शिडीवर चढवलं, हजामाला विहिरीत उतरवलं आणि अशी धमाल उडवली की आजही आमच्याकडे तिची आठवण काढतात. रेफिकला त्यातलं काही कळलं नाही. पण एवढ्या वर्षांचं ओझं निदान तोंडावाटे बाहेर पडलं होतं. पहाटे वारा पडला. रात्रभर रडून हलका झालेला रेफिक बोटीत चढला.

लग्नाच्या दिवशी इनेबोलूत दारापुढे ढोल-सनई वाजत होती. आमच्यात बाप लेकीच्या कमरेला लाल पट्टा बांधतो, मगच ती उंबरठा ओलांडते. पट्टा हातात घेऊन रेफिक आतल्या खोलीत गेला. त्याची पुतणी गुलिझार एकटीच उभी होती, तोंडावर दाट लाल ओढणी. तिच्या कमरेला आधीच एक पट्टा होता. ओला, आणि कोळ्यांच्या गाठीने आवळलेला. खाली जमिनीवर पाणी ठिबकत होतं.

"कोण, काका?" ती ओढणीआडून म्हणाली. "पुन्हा आलात? आत्ताच तर बांधून गेलात. केवढे गार होते तुमचे हात..."

रेफिकने आपल्या हातातल्या कोरड्या पट्ट्याकडे पाहिलं.

"काका," तिचा आवाज कापला, "कानात असं का म्हणालात, की दोरी तुटली नव्हती? मग बाबांना काय झालं होतं?"