उघडा टाका

तुरपाईत तिचा हात धरेल असं दुकानात कुणी नव्हतं. खोड एकच. शेवटचा टाका ती उघडा सोडायची.

सवय आईची. घरातलं कुणी प्रवासाला निघालं की आई त्याच्या कपड्याच्या काठाचा एक टाका उघडा ठेवी. माणूस परतलं की आधी तो टाका घाली, मग पाणी देई. गोळीबार सुरू झाला त्या दिवशीही लेकीच्या स्वेटरचा टाका उसवूनच तिनं तिला ट्रकमध्ये चढवलं. स्वतः मागे राहिली. पुढे तिची काही खबर नाही. सीमेपलीकडच्या या शहरात लेक तो टाका देवाच्या दिव्यासारखा जपत होती.

मालकीणबाई जिभेनं तिखट. "तुझे टाके माझ्या नवऱ्यासारखे गं, ऐन वेळी हात सोडणारे," म्हणायच्या.

गिऱ्हाइकं परत येत. शिवण उसवली म्हणून नव्हे. येत, दारात घुटमळत, कशाला आलो ते त्यांनाच सांगता येत नसे. एक खलाशी तर बोटीवर चढलेला उतरून आला. मालकीणबाईंनी बजावलं, आता एकही टाका राहिला तर काम बंद. आणि काम गेलं की राहायचा परवानाही जाणार.

मग एक बाई नवऱ्याचा कोट घेऊन आली. दुखण्यानं फार वाळले होते, म्हणाली. बाह्या आखूड करून हव्यात, उद्या पुरायचंय. पोरीनं जीव ओतून काम केलं.

दुसऱ्या दिवशी, दफन उरकल्यावर, सुईत उरलेला काळा दोरा तिला दिसला, बाहीच्या शेवटच्या टाक्यापुरता. ती मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिली.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, मालकीणबाई आत आल्या.

"तुझंच गिऱ्हाईक. टाका राहिलाय म्हणे. मापाच्या खोलीत उभं केलंय. आणि लादी पूस, सगळी माती करून ठेवलीय."

पडद्याखाली पावलं दिसत होती. अनवाणी. अंगठे एकमेकांना सुतानं बांधलेले.

पडद्याच्या कडेनं एक बाही पुढे आली.

तिनं सुई ओवली. कापड गार होतं, ओलसर.

तेव्हा आतून आवाज आला. या शहरात कुणालाच न येणाऱ्या, तिच्या घरच्या बोलीत.

"आईनं विचारलंय, तुझा टाका अजून उघडाच आहे ना?"