बांधापलीकडचा खुंटा

माझं पॉलिहाऊस उडालं आणि शेजारच्या अजिनाथच्या लिंबांवर जाऊन बसलं, तिथून हे सगळं सुरू झालं. आख्खं नव्हे, वरचा प्लास्टिकचा कागदच. पण कागद गेल्यावर राहतं काय? नुसते पाइप! मिरचीची रोपं उघड्यावर माना टाकून पडलेली, आणि मी अनवाणीच बांध ओलांडून पळत सुटले.

बांध ओलांडला, हेच पहिलं पाप. त्याच बांधापायी आमच्या दोन घरांत बोलणं बंद, तेही मला दात यायच्या आधीपासून.

अजिनाथ लिंबाच्या काट्यांतून कागद सोडवत होता. हळू... एकेक काटा बाजूला करत.

"ओढून काढा की," मी म्हणाले.

"फाटला तर तुमी भांडायला याल."

"न फाटताही आलेच ना?"

"व्हय," तो मान खाली घालून हसला, "म्हनून तर सावकाश काढतोय."

मला राग यायला हवा होता. नाही आला.

घरी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका वाक्यात निकाल दिला. "रोहिणे, पुन्यांदा उडालं तर पाइप भंगारात आन् तू राहात्याला." राहात्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा चांगला असेलही, पण मला माझी रोपं सोडून कुठंही जायचं नव्हतं. चार गावचे लोक माझ्याकडून मिरची-टोमॅटोची रोपं नेतात, ते काय उगीच? चूक झाली ती एवढीच, की घराच्या पत्र्यावर ठेवतात तसे मी कागदाच्या कडेनं दगड ठेवले. वारं आत शिरून खालून उचलतं. वरचे दगड त्याच्या खिजगणतीतही नसतात.

म्हणून या खेपेला मी दगडांनाच तार बांधली आणि ते कमरेएवढ्या खड्ड्यात, मुरुमात गाडले. तार तिथून तिरकी वर, पाइपाला. तीन बाजू झाल्या. उरली पश्चिम, कागद उडून गेला ती बाजू. तिथं पॉलिहाऊस बांधाला खेटून, आणि तिरकी तार उतरायची थेट लिंबांत.

भर दुपारी मी बांधावर जाऊन उभी राहिले. लपूनछपून करायला मी काय चोरी करत होते?

"चार खड्डे पाहिजेत. तुमच्या रानात."

अजिनाथ पाणी धरत होता. त्यानं खोरं टेकवलं. "दुसऱ्याच्या रानात खुंटा म्हंजी काय, ठावं हाय ना?"

"आहे. लोक उद्या हक्क सांगतात."

"मग... सांगनार का?"

"रानावर नाही," मी बोलून गेले, आणि माझे कान तापले.

त्यानं टिकाव उचलला.

खड्डे त्यानं खणले, तारा मी आवळल्या. दगड खाली सोडायला दोघं लागायचो. त्याची बोटं माझ्या बोटांवर यायची...

"दगड बसला," मी म्हणाले.

"व्हय, बसला," तो म्हणाला, पण हात काही काढला नाही.

रस्त्यावरच्या गाड्या आमच्यापाशी येऊन हळू व्हायला लागल्या. होऊ देत. मी ओढणी डोक्याला गुंडाळली आणि माती चोपत राहिले.

चौथा खड्डा चोपून झाला आणि आभाळ काळवंडलं. धूळ उठली. त्या धुळीतून अजिनाथचे वडील, रामहरीतात्या, पहार घेऊन आले.

"कुनाचा खुंटा ह्यो माझ्या रानात?"

"मी दिलीया जागा, तात्या," अजिनाथ म्हणाला.

"आरं पर कोनत्या नात्यानं?" तात्यांनी पहार तारेखाली घातली. एक हिसका बसला असता, की पॉलिहाऊसही गेलं असतं आणि मीही.

"तात्या, ते... म्हंजी..." अजिनाथ शब्द शोधत बसला. मला तेवढा वेळ नव्हता, वारं तोंडावर आलेलं.

"सुनेच्या," मी म्हणाले.

पहार थांबली. अजिनाथ माझ्याकडे बघतच राहिला. मागं वळून पाहते तर बांधावर अण्णा. त्यांनीही ऐकलं होतं. बरंच झालं, दोनदा सांगायला नको.

आणि वारं आलं. कागद टम्म फुगला, पाइप कण्हले, तारा ताणून कुंईकुंई करायला लागल्या. डोळे बारीक करून आम्ही चौघं नुसते उभे. अजिनाथनं सगळ्यांदेखत माझा हात धरला आणि मी तो धरू दिला. धूळ पुढं सरकली, तेव्हा कागदाला साधी चीरही पडली नव्हती.

तात्यांनी पहार खांद्यावर घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते अण्णांशी बोलले. "काकासाहेब, पोरगी लई फटकळ हाय तुमची."

"हाय," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आन् राहात्याला आता काय सांगू?"

"सांगा, उडालं नाही."