जुन्या टेंभरीची हाक

संग्रहालयातली नोकरी मी का सोडली, हे आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. घरी सांगितलं, रोजचं जाणं-येणं झेपत नाही. भुपेंद्र सरांना सांगितलं, तब्येत साथ देत नाही. तुम्ही त्याच जागी कामाला लागणार आहात, म्हणून तुम्हाला सांगते. दार तेवढं लोटून घ्या आणि बसा.

भुपेंद्र सर अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनाच्या कामाला होते. निवृत्त होऊन गावी आले आणि नदीकाठची बंद पडलेली राईस मिल घेऊन त्यांनी हे नौका संग्रहालय उघडलं. भंडाऱ्यात कुठला आलाय समुद्र, म्हणून लोक आधी हसले. पण सरांनी एका दालनात जहाजाची घंटा, होकायंत्र, गलबतांचे नमुने मांडले आणि दुसऱ्यात वैनगंगेवरचे डोंगे, जाळी, मासे ठेवायच्या टोपल्या. मग लोक येऊ लागले. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी काहीतरी कार्यक्रम असायचा. कधी शाळेच्या मुलांना दोरीच्या गाठी शिकवायच्या, कधी घाटावरची आनंदाबाई जाळं विणून दाखवायची. ते सगळं जुळवणं माझं काम. मी आंधळगावची. पाण्याशी माझा संबंध विहिरीपुरता.

मागच्या नोव्हेंबरात सरांनी कार्यक्रम ठरवला, ‘घाटावरची हाक’. पूर्वी पूल नव्हते. पलीकडच्या काठावरून माणूस हाक मारायचा आणि अलीकडचा नावाडी डोंगा घेऊन जायचा. प्रत्येक गावाची हाक वेगळी. ती म्हाताऱ्या माणसांकडून मारून घ्यायची, ध्वनिमुद्रित करायची, लोकांना ऐकवायची. कल्पना मलाही फार आवडली होती.

निमंत्रण द्यायला मी धनीरामबाबांकडे गेले. आमच्या घाटावरचे ते शेवटचे नावाडी. वय शहात्तर. संग्रहालयात दारातच जो मोठा डोंगा ठेवलाय, तो त्यांचा. अंगणात बसून ते जाळ्याची भोकं सांधत होते. मी सगळं सांगितलं. ते खाली बघूनच म्हणाले, ‘‘डोंगा नेला तुमी, मी काही म्हणलो नाही. पण हाक नोका मारू.’’

‘‘काहून बाबा?’’

‘‘हाक म्हंजे खेळ होय का? हाक मारली म्हंजे जा लागते.’’

त्यांच्या पत्नी, बेबीबाई, दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं तशा त्या आत निघून गेल्या. मी मात्र चिकाटी सोडली नाही. तुम्ही नुसते या, खुर्चीवर बसा, तुमच्याशिवाय शोभा नाही, असं बरंच बोलले. शेवटी ते ‘‘पाहू’’ म्हणाले. ते आलेच नसते तर बरं झालं असतं.

कार्यक्रम तीनला होता. साठ-सत्तर माणसं जमली. घाटाच्या वरच्या सपाटीवर खुर्च्या, माईक, एक स्पीकर नदीकडे तोंड करून. धानाची कापणी उरकत आली होती. बांधावर रचलेल्या तणसाचा वास वाऱ्याबरोबर येत होता. समोर धरणाचं फुगलेलं पाणी, इतकं रुंद की पलीकडचा काठ म्हणजे एक करडी रेघ. पाण्यात मधेच वाळक्या झाडांचे शेंडे वर आलेले. जुनी टेंभरी तिथेच होती. गाव उठून नव्या जागी गेलं त्याला पुष्कळ वर्षं झाली. आता तिथे वस्ती नाही, वाट नाही.

एकेकाने हाक मारली. कुणाची लांब, कुणाची तुटक. आनंदाबाईने कानावर हात ठेवून अशी हाक मारली की समोरची पाखरं उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धनीरामबाबा मागच्या रांगेत हात जोडून बसले होते. दर हाकेला त्यांची मान खाली जात होती.

साडेपाचला सूर्य टेकला. पाण्यावर धुकं धरू लागलं. मी माईक हातात घेऊन आभार मानायला उभी राहिले, तेव्हा पलीकडून आवाज आला.

‘‘धनीराम भाऊऽऽ… डोंगा आणा गाऽऽ…’’

बाईचा आवाज. लांबचा, पण स्वच्छ. लोक हसले. मला वाटलं, नव्या टेंभरीची काही मंडळी उशिरा आली असतील आणि मुद्दामच पलीकडून गंमत करत असतील. त्यांना आम्ही बोलावलंही होतं. आवाज पुन्हा आला. मी माईक तोंडाजवळ नेला आणि पाहुण्यांना म्हणावं तसं हसत म्हणाले, ‘‘येतोऽ, थांबा तिथंच!’’

स्पीकरमधून माझा आवाज पाण्यावर गेला. पलीकडची हाक थांबली.

मागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. धनीरामबाबा उभे होते. ‘‘काय बोलल्या, बाई…’’ ते अगदी हळू म्हणाले. ‘‘तुमी हे काय बोलल्या…’’

‘‘काय झालं बाबा?’’

ते घाट उतरू लागले. खाली लिलाधरची मासेमारीची नाव बांधलेली होती. लिलाधर त्यांचा पुतण्या. तो मागे धावला, ‘‘काका, कुठी जाऊन राहिले? अंधार पडून राहिला.’’

‘‘येतो म्हणलं ना माईकवर तिनं,’’ बाबा म्हणाले. ‘‘आता जा लागते.’’

लिलाधरने त्यांचा दंड धरला. त्या म्हाताऱ्या माणसाने तो हात कसा झटकला, कळलं नाही. लिलाधर वाळूत पडला. नाव पाण्यात गेली होती. घाटावर दुसरी नाव नव्हती. मोटरची नाव वरच्या वळणावर होती, ती आणायला लिलाधर काठाने पळत सुटला. आम्ही हाका मारत राहिलो. बाबांनी एकदाही मागे पाहिलं नाही. वल्हं पाण्यात पडायचं, निघायचं, पुन्हा पडायचं. मग धुक्याने नाव गिळली आणि नुसता तो आवाज उरला.

तोही थांबला.

चिखलाचा, कुजलेल्या पानांचा थंड वास येऊ लागला होता. मग धुक्यातून बाबांचं बोलणं ऐकू आलं. शब्द तुटक येत होते. ‘‘हळू… हात द्या… बसा, बसा आता…’’ भुपेंद्र सर माझ्या शेजारी होते. ते पुटपुटले, ‘‘कोणाशी बोलून राहिला हा माणूस?’’

वल्ह्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. पण आता तो जड होता. भरलेली नाव ओढताना होतो तसा. तो जवळ येत गेला, अगदी जवळ, आणि धुक्यातून नाव बाहेर आली.

नावेत कोणी नव्हतं. वल्हं आत आडवं पडलं होतं.

कुणीतरी टॉर्च मारला. मी जे पाहिलं ते सांगते, अर्थ तुम्ही लावा. रिकामी नाव पाण्यात बुडत आली होती. कड पाण्याच्या दोन बोटं वर. ती वाळूला लागली. मग पुढचं टोक हललं आणि नाव थोडी वर आली. क्षणभर काहीच नाही. मग एखाद्या जड बाईने दुसरीच्या आधाराने सावकाश उतरावं तशी नाव एका अंगाला कलली, थांबली, आणि पुन्हा वर उचलली गेली. आता ती रिकाम्या नावेसारखी पाण्यावर हलत होती.

आनंदाबाई माझ्या पुढे उभी होती. तिने पदर डोक्यावर ओढला आणि बाजूला सरकली. घाटावर कुणाला वाट द्यावी तशी.

रात्रभर लिलाधर मोटरची नाव घेऊन फिरला. तिसऱ्या दिवशी बाबा सापडले. जुन्या टेंभरीच्या वाळक्या झाडांत अडकले होते. पोलिसांनी तोल जाऊन पडले असं लिहिलं. पलीकडे त्या संध्याकाळी कोण होतं, याची मी चौकशी केली. नव्या टेंभरीहून कोणीच निघालं नव्हतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी बेबीबाईंना भेटायला गेले. जावं की नाही, असं दोन दिवस झालं होतं. पण ते ‘येतो’ माझ्या तोंडून गेलं होतं. भर दुपार. दिघोरीला दिलेली त्यांची लेक विधीचं सामान आणायला गेली होती. बेबीबाई ओसरीत एकट्याच होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. त्यांनी रडू दिलं.

‘‘तुमचा दोष नाही, बाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमाले मालूम नव्हतं.’’

मग त्यांनी सांगितलं. पुराचं वर्ष. धरण व्हायच्या पुष्कळ आधीचं. संध्याकाळी टेंभरीच्या चंद्रभागाबाईने पलीकडून हाक मारली. काठावर तिच्यासोबत आलेल्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, तिला अलीकडे दवाखान्यात आणायचं होतं. नदी दोन्ही काठ सोडून वाहत होती. त्या पाण्यात डोंगा घालणं म्हणजे मरण.

‘‘हे घाटावर उभे होते. बाई सारखी हाका मारे. ह्यायच्यानं ऐकवलं नाही. तोंडातून निघून गेलं, ‘येतो, थांबा तिथंच.’ अन् गेले नाही. सकाळी जाऊ म्हणलं.’’

‘‘मग?’’

‘‘न बोलते तर ते दोघी घरी वापस जात्या. येतो म्हणलं म्हणून थांबल्या. रातच्याले काठच खचला, बाई. सकाळी तिथं पाणी होतं.’’

माईकवर मी तेच शब्द उच्चारले होते. एकही शब्द वेगळा नाही.

‘‘आता सुटले ते,’’ बेबीबाई म्हणाल्या. ‘‘आणलं त्यायनं दोघींले.’’

त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. थकवा होता, जागरणाचा. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मघापासून मला एक वास येत होता. सुतकाच्या घरातला नव्हे. ओव्याच्या धुरीचा. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा टाकतात, तो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि खालच्या फटीतून निळसर धूर ओसरीत येत होता.

‘‘आजी,’’ मी म्हणाले, आणि माझा आवाज जरा मोठाच निघाला, ‘‘आत कोण आहे?’’

बेबीबाईंनी चटकन ओठांवर बोट ठेवलं. दाराकडे पाहिलं, जरा वेळ कान दिला.

‘‘हळू बोला, बाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आत्ताच निजलं.’’