पूजा झालेली चरखी

"शिंगं धर, ग्यानबा! मान वर ठेव त्याची!"

"धरलीत की, मालक! पर ह्याचे पाय टेकंनात!"

विहिरीच्या तळातून आवाज घुमत वर आला आणि काठावर पालथा पडून खाली बघणाऱ्या बिरूच्या अंगावर काटा आला. खाली काळंशार पाणी, त्यात चांद्या बैलाचं नुसतं पांढरं डोकं, आणि त्या डोक्याला मिठी मारून राहिलेला बिरूचा बाप!

झालं होतं असं. दसऱ्याची सुट्टी, त्यात आज खंडेनवमी. ताडकळसच्या अलीकडं एका वाडीत आबासाहेबांचा मळा होता. तिथं सकाळीच नांगर, कुळव, विळे, कोयते धुऊन, हळदकुंकू लावून पूजेला मांडले होते. नवमीला हत्याराला विश्रांती! हत्याराला विश्रांती म्हणजे बैलांनाही विश्रांती. मोकळा सोडलेला चांद्या चरत चरत मोटेच्या विहिरीकडं गेला. पावसाळ्यात विहिरीचा कठडा एका अंगानं ढासळला होता. 'दसरा होऊ द्या, बांधून टाकू,' असं आबासाहेब श्रावणापासून म्हणत होते. कठडा राहिला बाजूला, आणि बैल धपकन आत!

शेजारच्या पडीत, म्हणजे पडीक रानात, ग्यानबा धनगराची मेंढरं बसली होती. आवाज आला तसा ग्यानबा धावला आणि कुणाला काही न विचारता त्यानं उडी टाकली. बैल त्याचा नव्हता हो! पण जनावर ओरडलं की 'कुणाचं?' हा प्रश्न त्याला सुचायचाच नाही.

गड्यांनी मोटेचा नाडा लावून ओढून बघितलं. बैल हातभर वर आला की नाडा सटकायचा आणि धप्पकन पाणी उडायचं. ग्यानबा एकटा वर येऊ शकत होता. पण त्यानं हात सोडला की चांद्या बुडालाच म्हणून समजा!

"बा, वर ये ना रं!" बिरू ओरडला.

"कसा येऊ, लेकरा? माझ्याच जिवावर तरंगायलाय ह्यो," ग्यानबा म्हणाला. त्याचे दात वाजत होते, तेही वर ऐकू येत होतं.

बिरूला काही सुचेना. बाप खाली गारठतोय आणि आपण वर कोरडे! शेजारी आबासाहेबांची लेक मनकर्णा उभी होती आणि तिचा मामेभाऊ लिंबाजी. दोघंही परभणीच्या शाळेतून सुट्टीला आलेले. बिरूची आणि त्यांची दोस्ती मागच्या उन्हाळ्यापासूनची. मनकर्णा जिभेची मोठी तिखट.

"सरका! सरका! ओढायला माणसं कशाला? आमची गाडी आणा!"

हे दिनकरराव. रस्त्याचं काम घेतलेले कंत्राटदार. आबासाहेबांच्या मळ्यातच त्यांचा मुक्काम होता. हैदराबादेत लष्कराच्या लिलावात त्यांनी एक हिरवा ट्रक घेतला होता. रस्ता असो नसो, काळ्या रानातल्या चिखलातूनही तो वाट काढायचा. त्याच्या पुढच्या बंपरवर कालच ताडकळसला एक नवी चरखी बसवून आणली होती. मोठं लोखंडी रीळ, त्यावर तारेचा जाड दोर, आणि इंजिनाच्या जोरावर ते रीळ फिरणार! ड्रायव्हर बन्सीधर तिला विंच म्हणायचा. वाडी तिला चरखी म्हणायची.

"हत्ती पडला तरी काढील!" दिनकरराव मिशीवर हात फिरवून म्हणाले. "बन्सीधर, गाडी लाव!"

ट्रक आला. सकाळीच त्याचीही पूजा झाली होती. बंपरवर झेंडूचा हार, चरखीला हळदकुंकू, नारळाचं पाणी अजून वाळलेलं नव्हतं. ट्रक बांधावरून उतरला तेव्हा तो हार असा काही नाचला की लिंबाजीनं डोळे बारीक केले.

"मने, वारा तर न्हाई. मग हार कामून नाचायलाय?"

"गप रे! तुला हार दिसायलाय! तिकडं बिरूचा बाप बघ!"

लिंबाजीला एक खोड होती. कुठलीही वस्तू दिसली की ती खालून बघायची! घड्याळ असो, शिवणाचं यंत्र असो, नाहीतर हेडमास्तरांची खुर्ची असो! त्यातून बन्सीधरनंच त्याला सांगितलं, "ए पोरा, पुढच्या चाकाखाली दगड लाव!" लिंबाजी दगड घेऊन आत शिरला, आणि शिरला तो बाहेर यायचं नावच घेईना. आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"मने! बिरू! चरखीचे चारी बोल्ट भोकांत नुसते उभे हायत! खालून एकालाबी नट न्हाई!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? वरून बघितलं तर झ्याक! आन् बैलाचं वजन आलं की चरखी उपटून निघणार. बैल खाली, चरखीबी त्याच्या मागं, आन् दोन्हीच्या खाली..."

पुढचं त्यानं गिळलं. बिरूला ते कळायचं थोडंच राहणार होतं! तो धावत बन्सीधरकडं गेला.

"ड्रायव्हरदादा, चरखीला नट न्हाईत!"

बन्सीधरचा चेहरा एकदम फिका पडला. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "चूप! जा इथून! असं कुठं असतंय?"

मग मनकर्णा दिनकररावांकडं गेली. "काका, एकदा खालून बघा ना!"

दिनकररावांनी आपल्या कडक इस्त्रीच्या नव्या धोतराकडं बघितलं, खालच्या चिखलाकडं बघितलं, आणि मान झटकली. "अगं पोरी, पूजा झालीय तिची! नारळ फोडलाय! काम पुरं झाल्याशिवाय कुणी पूजा करतं का?"

"पण नट आवळायला पाहिजेत!"

"नवमीच्या दिवशी पान्याला हात लावायचा? पाने पूजेत मांडलेत!"

"मग चरखी चालवायची ती कशी चालते?" लिंबाजीनं विचारलं.

"चरखी म्हणजे वाहन! पाना म्हणजे हत्यार! शिकवू नकोस मला!"

आता बोला! मनकर्णा आबासाहेबांकडं पळाली. "आबा, ऐका ना..." "मनकर्णे, बाजूला हो! पडशील आत!" दुसऱ्याला सांगावं तर तो म्हणे, "पोरांनी मधी मधी करू नये." तिसऱ्यानं तर लिंबाजीची मानगूट धरून त्याला पार बाभळीपर्यंत नेऊन सोडलं. काठावर चाळीस-पन्नास माणसं, आणि ऐकणारा एकही नाही!

बिरू मटकन खाली बसला. "आपलं कोण ऐकणार? माझा बा मरणार!" आणि तो रडायलाच लागला.

तेवढ्यात त्याची धाकटी बहीण भिवरा धावत आली. तीही रडत होती आणि तिच्या काखेत एक कोकरू होतं. "दादा, बा कुठं हाय? बा कामून वर येईना?"

बिरूनं तिला जवळ घेतलं. लिंबाजी मात्र कोकराकडंच बघत राहिला. कोकराच्या गळ्यात काळ्या लोकरीची दोरी होती, आणि दोरीत ओवलेला एक जाड, चकचकीत नट!

"भिवरे! हे कुठं घावलं तुला?"

"ह्यो माझ्या गणीचा दागिना हाय! मी न्हाई देणार!"

"अगं बाई, दागिना तुझाच! पण घावला कुठं?"

"सकाळी वढ्यात. गाडीच्या चाकोरीत पडले हुते. चार हुते. मी चार कोकरांच्या गळ्यात बांधले."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. काल संध्याकाळी ट्रक त्याच ओढ्यातून आला होता! नुसते हातानं फिरवलेले नट दगडगोट्यांवर आदळून गळून पडले होते.

मनकर्णानं भिवराची समजूत काढून तो नट सोडून घेतला आणि दिनकररावांच्या नाकासमोर धरला. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "असले नट पायलीचे पंधरा मिळतात! व्हा बाजूला!"

ग्यानबा खाली बैलाच्या पोटाखालून मोटेचं कातडं आणि पोती गुंडाळत होता. वर विहिरीवर सागवानी ओंडका आडवा टाकला होता. आता त्यावरून तारेचा दोर खाली सोडायचा, की संपलं!

मनकर्णानं डोळे पुसले. "बिरू, लिंबाजी, तुमी बाकीची तीन कोकरं धरा. मी ह्यांना अडवते."

"कशी अडवणार?"

"माहीत न्हाई! पळा तुमी!"

आणि ती गर्दीत शिरून मोठ्यानं म्हणाली, "लिंबाजी म्हणत होता, चरखीत काही दम न्हाई! म्हणे नुसती शोभेची!"

"कोण म्हणतो?" दिनकरराव गर्रकन वळले.

"तोच नव्हे, सगळे गडीबी म्हणायलेत! मोटेचे बैल परवडले म्हणे! ते बाभळीचं खोड बांधात रुतलंय ना, ते चार गड्यांना हललं न्हाई. चरखीला तरी काय हलणार!"

गडी मनात म्हणाले, आम्ही कधी म्हटलं? पण खोड हलतं का नाही हे बघायची इच्छा सगळ्यांनाच झाली. कुणीतरी म्हणालं, "होऊन जाऊ द्या की, साहेब!"

"खोड काय घेऊन बसलात! बन्सीधर, फिरव गाडी! एका झटक्यात उपटतो आणि मग बैल काढतो!"

"अहो, माणूस पाण्यात हाय!" आबासाहेब ओरडले.

"एक मिनिट, आबासाहेब! इज्जतीचा सवाल आहे!"

मनकर्णाला वाटत होतं, तिकडं ग्यानबाकाका गारठतोय आणि आपण वेळ खातोय! पण दुसरा इलाज नव्हता. "दोर तुटला तर डोळे जातील! मागं व्हा!" असं ओरडत तिनं सगळ्यांना लांब हटवलं. बन्सीधर तर स्टिअरिंगमागं अंग चोरून बसला होता. तारेचा दोर खोडाला बांधला. इंजिन गुरगुरलं. दोर ताठ झाला, खोड जरासं कुरकुरलं, आणि...

खाडकन आवाज झाला! चरखी मागच्या अंगानं उचलली, बोल्ट एकेक करून भोकांतून निसटले, हार तुटला, आणि ते अवजड रीळ बंपरवरून उडून चिखलात रुतलं!

तेवढ्यात विहिरीतून ग्यानबाचा आवाज आला. "मालक, काय झालं? सोडा की दोर! हात बधिर व्हायलेत!"

आबासाहेब तिथंच बांधावर बसले.

"बन्सीधर!" दिनकरराव कसेबसे म्हणाले.

"साहेब, चूक झाली!" बन्सीधर खाली उतरून हात जोडायला लागला. "फिटर म्हणाला, आता दिवस बुडाला, उद्या नवमी, पाना लावायचा न्हाई. हातानं फिरवलेत, दसऱ्याला आवळून घे. मला वाटलं, तेवढ्यानं काय होतंय? पूजेच्या टायमाला सांगितलं असतं तर तुमी रागावले असते."

तिकडं पडीत निराळाच गोंधळ चालला होता. कोकरं का अशी सहज हाती लागतात? एक बिरूच्या पायांतून पसार, दुसरं मेंढीच्या पोटाखाली, तिसऱ्याला धरायला गेला लिंबाजी तर हातात आली नुसती शेपटी! शेवटी भिवरानं "हुर्र हुर्र" केलं आणि तिन्ही आपणहून तिच्याजवळ आली. बिरू धापा टाकत आला. त्याच्या मुठीत तीन नट होते; चौथा मनकर्णाकडं होताच.

"हे घ्या! आता तरी आवळा!"

"पण पाने..." दिनकरराव पुटपुटले. "पूजेतले पाने कोण उचलणार?"

मनकर्णाची आई धुरपताबाई केव्हाची पदर तोंडाला लावून उभी होती. ती तरातरा देवाजवळ गेली, हळदकुंकवाचा पाना उचलून आली आणि बन्सीधरच्या हातात दिला. "घ्या! माणूस बुडायलाय आन् तुमी मुहूर्त बघायलेत! पाप लागलं तर मला लागू द्या!"

गड्यांनी चरखी उचलून बंपरवर ठेवली, बन्सीधरनं ती साफ केली. इंजिनाचा जोर चरखीला देणारा सुटलेला दांडा जोडला, बोल्ट घालून नट कचाकच आवळले. या खेपेला दिनकरराव स्वतः नव्या धोतरासकट चिखलात उताणे पडले आणि त्यांनी चारी नट हलवून बघितले. मुलांना मात्र आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती हातात हात घालून नुसती उभी राहिली. दिवस कलला होता. ट्रक पुन्हा विहिरीकडं वळवला आणि दोर खाली गेला. खालून "हं!" असा आवाज आला, तोही किती बारीक!

चरखी फिरली. दोर ताणला. बिरूनं डोळे मिटून घेतले. एकदा दोर ओंडक्यावर करकरला तेव्हा मनकर्णानं त्याचा हात इतका दाबला की तो ओरडलाच. मग लोकांचा गलका झाला, आणि त्यानं डोळे उघडले तेव्हा चांद्या काठावर आडवा पडून फुरफुरत होता. पाठोपाठ गड्यांनी नाड्याला धरून ग्यानबाला वर घेतलं. त्याचे ओठ निळे पडले होते. बिरूनं त्याला जी मिठी मारली ती तो घोंगडं पांघरायलासुद्धा सोडेना!

दसऱ्याच्या संध्याकाळी आबासाहेब आणि दिनकरराव मेंढरांच्या वाड्यावर आले. मनकर्णा आणि लिंबाजीही तिथंच होते. रीत अशी की लहानांनी मोठ्यांना आपट्याचं सोनं द्यायचं आणि पाया पडायचं. बिरू पानं घेऊन वाकायला लागला, तर आबासाहेबांनीच त्याच्या हातावर सोनं ठेवलं.

"मालक, आधी आमी द्यायचं असतंय!"

"असतंय. पर काल आधी तुमी सांगितलं, आन् आमी ऐकलं न्हाई. म्हणून आज आमी आधी."

दिनकररावांनीही खाली मान घालून मुलांना सोनं दिलं. ग्यानबाला ताप होता. घोंगड्यात बसून तो हे सगळं नवलानं बघत होता. काल वर काय घडलं ते त्याला आत्ता कुठं कळत होतं.

"आसं झालं व्हय?" तो हसला. "मला कुठलं ठाऊक! मी आपला खाली बेफिकीर. म्हटलं, वर येवढी मोठी मानसं हायत, मला काय व्हायलंय?"

दिनकरराव पायातल्या जोड्याकडं बघत राहिले.

"होती ना, ग्यानबा," आबासाहेबांनी भिवराच्या डोक्यावर हात ठेवला आणि चौघांकडं बघितलं. "मोठी मानसं होती वर. ही बघ."