सतरा जादा संदर्भ

तो खरं तर शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात आला होता. तिथे रांग होती, म्हणून टायपिंग सेंटरच्या बाकावर टेकला आणि मांडीवरच्या गठ्ठ्यातले आकडे पेन्सिलीनं खोडायला लागला.

सेंटर दोघी बहिणींचं. थोरली गिऱ्हाईक सांभाळायची, धाकटी कीबोर्ड. धाकटीला कशाचंच फारसं नवल वाटत नसे. करारनामे, राजीनामे, एकदा तर कुणाचं प्रेमपत्रही तिनं चेहऱ्यावरची रेषही न हलवता टाईप केलं होतं. पण पेन्सिलीची ती खरखर मात्र तिला सहन होईना.

“काय चाललंय तुमचं?”

“प्रबंध,” तो म्हणाला. “सरांनी सुरुवातीलाच दोन संदर्भ वाढवलेत. आता पुढचे दोनशे नऊ आकडे दोन-दोननं सरकवायचे.”

“आणि उद्या सरांनी तिसरा सांगितला तर?”

पेन्सिल थांबली. “असं अभद्र बोलू नका हो…”

ती हसली नाही. तिनं खुर्ची जराशी वळवली. “लिहायच्या सॉफ्टवेअरला वरून जोडायचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. अ‍ॅड-इन म्हणतात. संदर्भ एकदाच त्यात भरायचे. मग मजकुरात कुठेही घाला, कुठूनही काढा – आकडे आपोआप बदलतात.”

“आपोआप?”

“पेन्सिलीशिवाय.”

दुसऱ्या दिवशी तो सगळं घेऊन हजर. तिनं अ‍ॅड-इन बसवलं, पडद्याच्या उजवीकडे एक रिकामी पट्टी उघडली, आणि तो शेजारी स्टुलावर बसून एकेक संदर्भ वाचायला लागला. लेखक, साल, पुस्तक, पान. विषय होता मुंग्या परतीची वाट कशी लक्षात ठेवतात. थोरलीनं तासाभरातच त्याचं नाव ‘मुंगीवाले’ ठेवून टाकलं.

“सत्तराव्या लेखकाचं आडनाव परत सांगा.”

त्यानं सांगितलं.

“मुंग्यांना आडनावं नसतात, हे एक बरं आहे.”

“तुम्ही विनोद करता?” तो चकित झाला.

“कधीकधी. एकाहत्तर?”

चार दिवसांत दोनशे अकरा संदर्भ भरून झाले. पाचव्या दिवशी त्याला यायचं काही कारण नव्हतं… तरी तो आला. दोन नवीन संदर्भ राहिले होते म्हणे. पुढच्या दिवशी तीन. मग रोजच. धाकटी निमूटपणे भरून घ्यायची. पावणेअकरा वाजले की तिची नजर एकदा दाराकडे जायची, पण ते काय, दार समोरच होतं.

“मुंगीवाले आज उशिरा?” थोरली विचारायची.

“मला काय माहीत, ताई?”

प्रबंध जमा करायच्या आदल्या दिवशी तिनं शेवटची तपासणी केली. उजवीकडच्या पट्टीत दोनशे अठ्ठावीस संदर्भ होते. प्रबंधाच्या शेवटी छापून येणाऱ्या यादीत दोनशे अकराच. सतरा गायब! एखादी ओळ आपल्या हातून उडाली असेल, तर त्याचा प्रबंध परत येणार. चार वर्षांचं काम. डबा तसाच ठेवून तिनं तीनशे पानं ओळ न् ओळ धुंडाळली. काहीच उडालं नव्हतं. मग तिनं ते सतरा संदर्भ नीट वाचले… आणि खुर्चीला टेकून बसली.

तो आला तेव्हा थोरली कागद आणायला बाहेर गेली होती.

“बसा,” ती म्हणाली. “हे सतरा संदर्भ मजकुरात कुठेच नाहीत, म्हणून छापील यादीत येत नाहीत.”

“नाहीत.”

“‘जहाजावरच्या दोरांच्या गाठी’. याचा मुंग्यांशी काय संबंध?”

“काही नाही.” त्याचे कान लाल झाले होते. “ग्रंथालयात हाताला लागलं ते… लिहून आणलं.”

“कशासाठी?”

“रिकाम्या हातानं कसं यायचं?”

प्रिंटर उगाचच घरघरला.

“सोमवारी मी रुजू होतोय,” तो हळूच म्हणाला. “डोंगरापलीकडच्या संशोधन केंद्रावर. नऊ तासांची वाट आहे. तिथून रोज येता येणार नाही. पण महिन्यातून एकदा… तुम्ही हो म्हणालात तर. संदर्भाशिवाय.”

धाकटीनं सतराच्या सतरा ओळी निवडल्या आणि काढून टाकल्या. त्याचा चेहरा उतरला.

“उद्या किती वाजता जमा करायचाय?” तिनं विचारलं.

“अकराला.”

“मी येते.”

दुसऱ्या दिवशी, नऊ वर्षांत पहिल्यांदा, धाकटी कामाच्या वेळी सेंटरबाहेर पडली. थोरलीनं फक्त तिची ओढणी सरळ केली. विद्यापीठाच्या कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी प्रबंध चाळला, शिक्का मारला, आणि चष्म्यावरून पाहिलं.

“सही करायला आत या. सोबतच्यांनी बाहेर थांबायचं. तुम्ही यांच्या कोण?”

तो गडबडून तिच्याकडे बघायला लागला. धाकटीनं क्षणभर विचार केला.

“ते अजून ठरायचंय,” ती म्हणाली, “पण बाहेर नाही थांबणार.”

आणि ती त्याच्या आधी आत गेली.