यादीतली तीन नावं

"इंगा, ती यादी वाचलीस?" गोलरक्षक ब्रोडीने आपला अगडबंब हातमोजा रिंकच्या भिंतीकडे रोखला. "एमेटचं नाव चारचौघांत टांगलंय!"

इंगा चरकली. नाताळच्या सुट्टीत शाळेच्या सगळ्या मंडळांच्या याद्या गावातल्या आइस हॉकीच्या रिंकवर, कुलूपबंद काचेत लागत. पण समलिंगी मुलामुलींच्या आणि त्यांच्या मित्रांच्या मंडळाची यादी शाळेच्या ऑफिसातच राहायची होती. तीत तीनच नावं होती. मित्र एकही नव्हता. सही करू करू म्हणत इंगानेही सारं सत्र घालवलं होतं. एमेटने घरी अजून काहीच सांगितलं नव्हतं, आणि चार वाजता त्याचे आजोबा, त्याचे 'ओपा', इथेच खेळायला येणार होते!

किल्ली उपमुख्याध्यापक डर्कसन सरांकडे, आणि सर तळ्यावर! दोघं गोठलेल्या पाण्यावरून धावत सुटली. खाली खोलवर, झोपेत कुणी कण्हावं तसा बर्फ कण्हत होता. मासेमारीच्या खोपटात सर बर्फातल्या भोकात गळ सोडून पेंगत होते.

"अरेच्चा! मी सगळा गठ्ठाच लावला वाटतं. ही घ्या किल्ली. काढून टाका, विषय संपला!"

"नाही संपत, सर," इंगा म्हणाली. "अर्ध्या गावाने वाचलीय. आता काढली तर उरलेलं अर्धं विचारेल, का काढली?"

"मग?"

"पेन आहे?"

रिंकवर एमेट पांढराफटक होऊन बसला होता. इंगाने बेत सांगितला. "तुला चालेल?"

"हॉकीवाले करतील सही?"

"पहिली माझी!" ब्रोडीने दातांनी मोजा ओढला.

"पण लोक मलाही तसाच समजतील!" संघातला कोल्टन कुरकुरला.

"समजू देत ना!" इंगा म्हणाली. "कोण कसा, हे गावाला कळायलाच नको!"

कोल्टन क्षणभर घुटमळला. मग त्याने पेन घेतलं.

चारच्या ठोक्याला काचेआड चौतीस नावं होती. आजोबांनी चष्मा सावरून ती वाचली. "एमेट, हे मंडळ त्या मुलांसाठी ना?"

"त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मित्रांसाठी, ओपा."

"इतके मित्र! शहाणी आहात रे पोरांनो."

"माझी चूक निस्तरलीत तुम्ही," धापा टाकत आलेले सर ओशाळून म्हणाले.

आजोबा आत गेले. एमेट बराच वेळ त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिला.

"सांगेन मी त्यांना," तो म्हणाला. "पण आज नाही."

"आज नाही," इंगा म्हणाली, आणि दोघं बर्फावर उतरली.