जागची न हललेली सीट

सायकलची सीट जागची तसूभरही हलली नव्हती. मग ती उंच झाली कशी?

शलाकाचं डोकं भणभणून गेलं. ती राहायची चंद्रावरच्या वसाहतीत, मोठ्या घुमटाखाली. तिथलं गुरुत्वाकर्षण (खाली खेचणारी ओढ) पृथ्वीच्या मानाने फारच कमी. पायांना ताण मिळाला नाही तर हाडं ठिसूळ होतात, म्हणून सगळ्यांना रोज सायकल चालवावी लागे. पण ओढ कमी, त्यामुळे पाय सारखे पेडलवरून निसटायचे. शेवटी मुलांना नवी पेडलं आणि नवे बूट मिळाले. बुटाच्या तळाला क्लीट (पेडलमध्ये अडकणारी छोटी पट्टी). पाय दाबला की खट्! टाच बाहेर वळवली की मोकळा.

निसटणं थांबलं, पण शलाकाचा गुडघा मागच्या बाजूने दुखू लागला. आणि उद्या तर मुलांची घुमटाबाहेरची पहिली सायकलफेरी! दुखऱ्या गुडघ्याने आई बाहेर सोडणार नव्हती. ती वसाहतीची डॉक्टरच होती.

"चालव बघू, राणी," आई म्हणाली आणि मागे उभी राहून बघू लागली. "कंबर बघ कशी झुलतेय! पाय पुरत नाहीये तुझा. सीट उंच आहे."

"अशक्य," दुरुस्तीचा यंत्रमानव मापाड्या म्हणाला. "पेडल ते सीट, अंतर पूर्वीइतकंच आहे. मी मोजलंय."

"तू कधी चुकतच नाहीस ना, शहाण्या!" शलाका करवादली.

"नाही," मापाड्या म्हणाला. अगदी प्रामाणिकपणे.

आईला हसू आलं. "माप बरोबर असेल रे. पण पेडल आणि हिचा पाय, यांच्या मधे काय आहे?"

शलाकाने जुना बूट आणून नव्या बुटाशेजारी ठेवला. जुन्याचा तळ इडलीसारखा फुगीर, नव्याचा पापडासारखा. जुनं पेडलही चांगलं जाडजूड होतं.

"अगं आई! आधी माझा पाय या सगळ्याच्या वर बसायचा. आता तो आसाच्या (पेडल जिच्याभोवती फिरतं त्या दांडीच्या) जवळ गेलाय. म्हणजे पाय उतरला खाली, सीट राहिली वरच!"

"मग मोजायचं कुठून?" आईने विचारलं.

"तळपायापासून!"

मापाड्याने तसं मोजलं. फरक निघाला दीड सेंटिमीटर. "चूक सापडली," तो हळूच म्हणाला आणि सीट तेवढीच खाली घेतली.

"पेडल तळाशी गेलं की गुडघा जरासा वाकलेला राहू दे," आई म्हणाली. "आणि आता पुढून दुखायला लागलं, तर सीट फार खाली गेली असं समज."

शलाकाने फेऱ्या मारल्या. कंबर स्थिर. सकाळी आईने गुडघा दाबून, वाकवून पाहिला, आणि तिच्या डोक्यावर टपली मारली. जा!

घुमटाच्या दाराशी शलाकाने अंतराळपोशाख चढवला, बाहेरचे बूट घातले. एक पाऊल टाकलं आणि ती थबकली.

"मापाड्या, या बुटांचे तळ तर केवढे जाड आहेत!"

मापाड्या पाना घेऊन आधीच सायकलपाशी बसला होता.

"सीट वर की खाली?" त्याने विचारलं.

"वर!" शलाका ओरडली. "पण आधी माझा तळपाय मोज."